रुमालाखालचा हात

हिंमतकाका शहा मिरजेच्या माझ्या दवाखान्यात आले ते उजवा हात खिशात घालूनच. सत्तरीचा माणूस. सांगलीच्या बाजारातला हळदीचा खरेदीदार आणि माझ्या वडिलांचा तीस वर्षांचा मित्र. खुर्चीत बसल्यावरही हात बाहेर येईना.

"काढा की बाहेर," मी म्हणाले.

"काढतो. पण हसायचं नाही. लहानपणी माझ्या टकलाला हसायचीस तू."

"आणि तुम्ही बर्फी देऊन गप्प करायचात."

त्यांनी हात टेबलावर ठेवला आणि बोटं थरथरायला लागली. अंगठा आणि तर्जनी जणू चिमटीत काहीतरी चोळत होती. पाण्याचा पेला उचलताना थरथर थांबली. पेला खाली ठेवल्यावर परत आली.

मी हातांची फिजिओथेरपिस्ट आहे. थरथर मोजणं हे माझं रोजचं काम. काकांच्या मनगटाला पट्टी बांधली आणि पडद्यावर रेघ उमटू लागली. सेकंदाला पावणेपाच कंपनं. सहा लाटा सारख्या, सातवी अर्धवट, मग पुन्हा सहा.

ती रेघ मी त्या महिन्यात चौथ्यांदा पाहत होते.

"काका, तुमच्याआधी तिघं येऊन गेले. सगळे हळदीचेच खरेदीदार."

"माहीत आहे. आम्ही एकमेकांपासून लपवतो आणि सगळ्यांना माहीत असतं." ते कसंनुसं हसले. "म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं मी. पण त्यातला कुंभोजकर पस्तिशीचा आहे की गं."

मेंदूच्या डॉक्टरांनी त्या तिघांनाही कसला आजार नाही म्हणून परत पाठवलं होतं. थरथर प्रत्येकाची वेगळी असते. वेग जुळला तरी जोर जुळत नाही, जोर जुळला तरी ती चुकते कुठे ते जुळत नाही. दोन माणसांची एकच थरथर मी कधी पाहिली नव्हती. इथे चार रेघा एकीवर एक ठेवल्या तर एकच दिसत होती.

"तुम्ही चौघं मिळून असं काय करता?" मी विचारलं.

"चौघंच कशाला, बावीस जण आहोत. सौद्याआधी सकाळी अण्णांशी हात मिळवतो. दुसरं काय?"

अण्णा म्हणजे माझे वडील, पारिसअण्णा चौगुले. मी त्यांना अप्पा म्हणायचे. त्यांना जाऊन चौदा महिने झाले होते.

*

अप्पा अडते होते. शेतकऱ्याचा माल खरेदीदाराला विकून द्यायचा, हा त्यांचा धंदा. त्यांच्या तरुणपणी भाव बोलून ठरत नसे. अडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहत, हातांवर रुमाल टाकत आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगत. भोवती पन्नास माणसं असली तरी भाव फक्त त्या दोन हातांना कळे. पुढे बोली उघड झाली, मग मोबाईलवर गेली. पण सांगलीच्या जुन्या मंडळींनी सौद्याआधी रुमालाखाली हात देण्याची रीत सोडली नाही. अप्पांना त्यातून बाजार कळायचा. आज हळद चढणार की पडणार, हे ते सकाळी दहालाच सांगत आणि बहुतेक वेळा बरोबर सांगत.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीला हे कळलं. उपग्रहातून दिसणारं पीक, पावसाचे आकडे, बातम्या, हे सगळं वायदेबाजारात प्रत्येकाकडेच असतं, त्यामुळे त्याचा कुणाला फायदा होत नाही. अप्पांकडे होतं ते कुणाकडेच नव्हतं. माणूस काही करायचं ठरवतो, त्याच्या क्षणभर आधी त्याचे स्नायू तयारीला लागलेले असतात. घाबरलेल्या माणसाचा तळवा त्याला स्वतःला कळायच्या आत ओलसर होतो. एका माणसाचं हे मोजून काही हाती लागत नाही. पण माल उचलणाऱ्या बावीस जणांचं एकाच सकाळी मोजलं, तर दुपारचा भाव त्यात असतो. नुसतं यंत्र हातात देऊन हे मोजता येत नाही, कारण यंत्रापुढे माणसाचा हात काहीच बोलत नाही. त्याला समोर हातच लागतो.

कंपनीने सहा वर्षं अप्पांच्या तळव्यावर कांद्याच्या सालीइतकी पातळ पट्टी चिकटवली होती. त्यांचा दाब, ऊब, थांबणं, विचारणं, सगळं नोंदलं आणि त्यावरून एक हात घडवला. अप्पा गेल्यावर तो त्यांच्या जागी बसला. खरेदीदार सकाळी एकेक मिनिट त्याच्याशी हात मिळवत आणि बदल्यात त्यांना त्या दिवसाचा अंदाज सगळ्यांच्या आधी मिळे. वारस म्हणून संमतीच्या कागदावर मी सही केली होती. ती कधीही मागे घेता येत होती. हात बघायला मात्र मी एकदाही गेले नव्हते.

*

दुसऱ्या दिवशी गेले. सौद्याच्या दालनाला लागून एक खोली होती. कंपनीचे समीर धारवाडकर तिथे होते. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. टेबलावर हिरवा रुमाल होता आणि रुमालाखाली उंचवटा. रुमाल मंद हलत होता.

मी उंचवट्याकडे न बघता म्हणाले, "मला अप्पांच्या नोंदी हव्यात. सगळ्या वर्षांच्या."

त्यांनी पडद्यावर रेघा काढल्या. पहिली तीन वर्षं स्वच्छ. चौथ्या वर्षाच्या दिवाळीनंतर बारीक दात दिसू लागले. मग वाढत गेले. सहा लाटा, सातवी अर्धवट.

"ही बाजाराची धास्ती आहे," धारवाडकर म्हणाले. "शेवटच्या तीन वर्षांत अण्णांना मंदीची फार भीती होती. आमच्या मॉडेलने ती उचलली. चौदा महिने तो हात मंदी सांगतोय आणि चौदा महिने मंदीच आहे. एकदाही चुकला नाही."

"ही धास्ती नाही," मी म्हणाले. "हा कंपवात आहे. पार्किन्सन्स."

मग त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले.

उलगडा फार अवघड नव्हता. एका भिंतीवर टांगलेली दोन लंबकांची घड्याळं काही वेळाने एका लयीत हलू लागतात. हातांचंही तसं होतं. लहान मूल आईच्या अंगावर झोपलं की त्याचा श्वास तिच्या श्वासाच्या लयीत येतो. रोज सकाळी बावीस माणसं माझ्या वडिलांचा आजार हातात घेऊन सौद्याला जात होती. हात थरथरतोय म्हणून मन घाबरायचं, मन घाबरलं म्हणून बोली उतरायची. अंदाज खरा ठरत होता, कारण तो आधी त्यांच्या हातात ठेवलेला असायचा.

"थरथर तेवढी गाळता येईल?" मी विचारलं.

"नाही. तीन वर्षांचं शिकणं तिच्याभोवती विणलंय. ती काढली तर हातच उसवेल." त्यांनी चष्मा पुसला. "चालू ठेवायचा किंवा बंद करायचा, दोनच गोष्टी आहेत. आणि खरं सांगतो, तुम्ही बोलला नसतात तर आम्हाला कधीच कळलं नसतं."

*

त्या दुपारी मी सांगलीच्या घरी गेले. आई तांदूळ निवडत होती.

"अप्पांचा हात थरथरत होता, तुला माहीत होतं?"

तिने ताट बाजूला ठेवलं. नाही म्हणाली नाही.

"आई, मी दर गुरुवारी यायचे."

"तू सात वाजता यायचीस. ते साडेपाचलाच जेवून घ्यायचे."

आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवायची रीत आमच्याकडे आहे, पण अप्पांनी ती कधी कडकपणे पाळली नव्हती. शेवटच्या तीन वर्षांत ते नियमाने आधी जेवू लागले आणि मला वाटलं, वय झालं, धर्माकडे वळले. मी मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही होतं. गुरुवारी मी एकटी जेवायचे आणि ते समोर बसून, उजवा हात उपरण्यात गुंडाळून, माझ्या रुग्णांची चौकशी करायचे.

"भरवत होतीस?"

"वरण सांडायचं त्यांच्या हातून." आई म्हणाली, "मी म्हटलं, अहो पोरगी हातांचीच डॉक्टर आहे, तिला सांगू या की. तर म्हणाले, तिला कळलं तर ती बाजार सोडायला लावील. आणि बाजाराला कळलं तर थरथरत्या अडत्याला हात कोण देणार? शपथ घातली मला."

मग ती म्हणाली, "जेव आता. ऊन आहे तोवर."

*

संमती मागे घ्यायची, हे ठरवूनच मी परत गेले. पण त्याआधी धारवाडकरांना म्हणाले, "एकदा धरून बघते."

मी रुमालाखाली हात घातला.

त्वचा कोमट होती, अप्पांची होती तेवढीच. करंगळीच्या खालचा तो जाड घट्टासुद्धा होता. हाताने माझी बोटं चाचपली, मधलं बोट हलकेच दाबलं आणि थांबला. भाव विचारण्याची ती पद्धत होती. मी उलट बोट दाबलं नाही. तो पुन्हा थरथरू लागला.

मग मी तेच केलं जे रोज करते. मनगटाखाली डावा तळवा दिला, अंगठ्याच्या मुळाशी माझा अंगठा ठेवला आणि वजन माझ्याकडे घेतलं. त्या हाताला आजवर कुणी असं धरलं नव्हतं. ज्याने धरला त्याने सौद्यासाठी धरला. पाच मिनिटांनी लाटा लहान झाल्या. अकरा मिनिटांनी हात माझ्या हातात शांत पडून राहिला, झोपलेल्या माणसाच्या हातासारखा.

"मॅडम," धारवाडकर पडद्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही काय केलंत? चौदा महिन्यांत पहिल्यांदा तेजी दाखवतोय."

त्या दिवशी हळद चढली. संमती मागे घेण्याचा कागद मी पिशवीतून काढलाच नाही.

दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशीही. साडेनऊला पोचायचं, वीस मिनिटं हात धरायचा, मग एकेक खरेदीदार यायचा. पंधरा दिवसांत कुंभोजकरची थरथर गेली. महिन्याभरात हिंमतकाकांची. मी रेघा मोजत होते, त्या खऱ्याच सपाट होत होत्या. मी स्वतःला म्हणत होते, हा उपचार आहे. सकाळचे रुग्ण दुपारवर ढकलले. दुपारी गर्दी झाली तेव्हा काहींना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं.

हात मला ओळखू लागला. मी खोलीत शिरले की रुमालाची हालचाल मंदावायची. एकदा वाटेत माझी स्कूटर घसरली. मला कुठे लागलं नव्हतं, मी कुणाला सांगितलंही नव्हतं. रुमालाखाली हात घातला, तर त्याने माझं मनगट दोन्ही बाजूंनी दाबून पाहिलं. लहानपणी मी पडले की अप्पा असंच बघायचे, हाड शाबूत आहे का ते. मी बराच वेळ हलले नाही.

त्या दिवशी हळद पडली.

माझं मन जसं तसा बाजार, हे लोकांच्या लक्षात आलं आणि बाहेर निराळंच सुरू झालं. मी गाडी लावायचे तेव्हा फाटकाशी दोनतीन माणसं उभी असायची, फोन कानाला लावून. "हसत आल्या," एक जण पलीकडच्याला सांगताना मी ऐकलं. चहावाला साखर विचारायच्या आधी झोप विचारायचा. कुंभोजकर तर तोंडावरच म्हणाला, "ताई, लग्नाबिग्नाचं ठरत असेल तर आठ दिवस आधी सांगा हं. माल भरून ठेवतो."

"आणि मोडलं तर?"

"तर त्याच्याही आधी सांगा."

सगळे हसले. मीही हसले आणि कुणीतरी फोन काढला.

ऑगस्टात मला ताप आला. दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी दार वाजलं. हिंमतकाका उभे होते, हातात मोसंब्यांची पिशवी. खाली गाडीत चार व्यापारी आणि त्यांनी सोबत आणलेला डॉक्टर.

"काका, साधा ताप आहे."

"तुला साधा आहे. बाजार दोन दिवसांत झोपलाय." मग ते ओशाळले. "रागावू नको. तुझी काळजी वाटतेच गं. पण कुठली काळजी कुठली, ते आता माझं मलाच कळत नाही."

डॉक्टरने माझी नाडी बघितली. दारात उभे राहून चौघंही बघत होते. माझ्याकडे नव्हे, त्याच्या तोंडाकडे.

*

तापातून उठल्यावर आई मिरजेला आली. गादीच्या कडेला बसून तिने माझे केस विंचरले. मी तिशी ओलांडल्यापासून तिने ते केलं नव्हतं.

"हिंमतभाई सांगत होते, हात तुला ओळखतो."

"हो."

"मला नाही बघायचा तो." ती गुंता सोडवत राहिली. "मी तीन वर्षं भरवलं त्यांना. अंघोळ घातली, बटणं लावली. ते गेले तेव्हा रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि अंग हलकं वाटलं, म्हणून परत रडले. त्यांचं दुखणं संपलं होतं, सन्मती. तू ते चालू ठेवलंयस."

"मी ते थांबवते रोज."

"रोज थांबवतेस म्हणजे रोज असतंच की ते."

तिने वेणी घातली आणि घड्याळाकडे बघून उठली. साडेपाचला तिला घरी जेवायचं होतं. अप्पांबरोबर लागलेली सवय होती ती.

*

सोमवारी मी साडेनऊला गेले. जाताना काही ठरवलं नव्हतं. निदान मला तसं वाटत होतं. पिशवीत संमती मागे घेण्याचा कागद होता, पण तो अडीच महिने तिथेच होता.

रुमालाखाली हात घातला. हात नेहमीसारखा माझ्या बोटांवर आला, तळव्यावर टेकला आणि थबकला. मग थरथरू लागला. अशी थरथर मी त्याची कधीच पाहिली नव्हती. अप्पांच्या शेवटच्या महिन्याच्या नोंदींतही नव्हती. टेबल वाजू लागलं. मी आधार दिला, अंगठ्याच्या मुळाशी दाब दिला, वजन घेतलं. काही उपयोग होईना.

"काय झालं?" धारवाडकर धावत आले. "पडद्यावरची रेघ तळाला गेलीय."

मी कशाला आले होते, ते मला तेव्हा कळलं. क्षणभर आधी त्याला कळलं होतं. माझ्या स्नायूंत जे ठरलं होतं आणि माझ्यापर्यंत पोचायचं होतं, ते त्याने वाचलं होतं. त्याचं कामच ते होतं.

मला अजून माघार घेता आली असती. घाबरलेला रुग्ण शांत होईपर्यंत मी तासभरही बसते. वीस मिनिटांऐवजी चाळीस बसले असते, उद्या तास. तो ते मागत होता. की मी मागत होते, हे रुमालाखाली सांगता येत नव्हतं.

मी रुमाल काढला.

तो हात कुणीच उघडा बघत नसे. खिडकीतून ऊन येत होतं. राखाडी सिलिकॉन, सांध्यांपाशी घड्या, जागोजागी बावीस माणसांच्या हातांची हळद लागलेली. नखं नव्हती. ती बनवायची गरज कुणाला वाटली नसावी. अप्पांची नखं मला आठवली, आखूड, कडेला पिवळी.

डाव्या हाताने मी तो धरून ठेवला. उजव्या हाताने कागद काढला आणि सही केली. त्याची थरथर माझ्या खांद्यातून उजव्या हातात उतरत होती, त्यामुळे सही माझी वाटत नव्हती. धारवाडकरांनी ती पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता खाली वाकले. एक बटण होतं.

सहा लाटा आल्या. सातवी अर्धवट आली. नंतर काही आलं नाही.

मी सोडला नाही लगेच. कापडात गुंडाळून तसाच हातात घेऊन दालनात गेले. बावीस जण रांगेत उभे होते. "आज अंदाज नाही," धारवाडकरांनी सांगितलं. "यापुढेही नाही."

अकराला सौदा सुरू झाला. पहिल्या शेतकऱ्याचं पोतं फोडून ढीग केला. बोली सुरू व्हायची घंटा झाली. कुणी मोबाईलला बोट लावलं नाही. एवढा मोठा बाजार मी कधी इतका गप्प पाहिला नव्हता. माणसं एकमेकांच्या हातांकडे बघत होती.

शेवटी हिंमतकाका पुढे झाले. ढिगातलं एक हळकुंड उचललं, दोन्ही हातांनी मोडलं, आतला रंग उन्हात धरून पाहिला, हुंगलं. मग मोबाईल बाजूला ठेवून त्यांनी तोंडाने भाव बोलला. आवाज मोठा निघाला, त्यांचे तेच दचकले.

ते माझ्याकडे वळले. "बरोबर बोललो का गं?"

माझ्या हातातलं कापड अजून कोमट होतं.

"मला माहीत नाही, काका."

ते थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग पुढच्या ढिगाकडे गेले.